शक्य तेवढं लांब

लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या बाईनं आपल्या मुलाला दंडाला धरून मागे ओढलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. ओढता ओढता ती माझ्याकडे बघून हसलीही, म्हणजे कमालच. मोठी माझा हात धरून उभी होती, दुसऱ्या हातानं लिफ्टचं एकेक बटण चोळत होती, हा तिचा रोजचा उद्योग. आणि बाळ माझ्या छातीशी बांधलेल्या झोळीत झोपलं होतं. 'हिच्या हाताला काय झालंय हो?' बाईनं विचारलं. मी न बघताच म्हटलं, 'डास चावलेत.' 'तळहाताला?' बाई म्हणाली. 'तळहाताला नाही हो डास चावत.' चौथा मजला आला. ती मुलाला पुढे घालून उतरली आणि दार लागेपर्यंत वळून वळून बघत राहिली. मी मोठीचा हात उलटा केला. तळव्यावर लालसर ठिपके, काहींच्या मधोमध पांढुरका फुगवटा. बालवाडीतून घरापर्यंत मी तोच हात धरून चालत आले होते. दुधाच्या नमुन्यांत जंतू शोधायचं माझं काम. डेअरीच्या प्रयोगशाळेत मला मांजर म्हणतात, कारण दूध नासायच्या आधी मला कळतं. आणि माझ्या पोरीच्या हातावरचे फोड मला दाखवावे कोणी, तर चौथ्या मजल्यावरच्या बाईनं. मला शरम वाटायला हवी होती. मला राग आला. बाईचा आला, बालवाडीचा आला, आणि त्या क्षणी सगळ्यात जास्त आला तो मोठीचा, कारण तिनं सकाळीच बाळाच्या दोन्ही गालांचे पापे घेतले होते आणि त्याची चोखणी आपल्या तोंडात घालून बघितली होती.

मोठी म्हणजे किती मोठी, तर अजून चार पुरी नाहीत. चपला उलट्या घालते, 'उद्या' म्हणते तेव्हा तिला काल म्हणायचं असतं. बाळ झालं त्या दिवशी दवाखान्यात कुणीतरी म्हणालं, 'आता तू मोठी हं,' आणि तेच नाव चिकटलं. त्याआधी तिला आम्ही काय काय म्हणायचो, पिंगू, ढमी, लाडू, नवरा तर रोज नवं नाव काढायचा. ती सगळी नावं बाळाकडे गेली. तिचे जुने झबले जसे गेले तशीच. मी बाळंतीण म्हणून खाटेवर पडलेली आणि ती दाराशी उभी राहून बघत होती, तेव्हा हे माझंच मूल आहे की दुसऱ्या कुणाचं भेटायला आलंय, असं एक क्षण मला वाटलं होतं. केवढे थोराड दिसले होते तिचे पाय! आदल्या दिवशीपर्यंत मी त्या पायांना मऊ मऊ म्हणून चावत होते. हे मी कुणाला बोलले नाही. नवऱ्याला तर नाहीच. तो भाबडा माणूस आहे, असलं काही ऐकलं की त्याला वाटतं आपली काहीतरी चूक झाली, आणि भांडी घासायला लागतो.

डॉक्टरांनी तिला आ करायला लावलं, आत उजेड टाकला, 'हं' म्हणाले. 'व्हायरल आहे. हातापायांना आणि तोंडात फोड येतात ते. सगळ्या शाळांमध्ये सध्या हेच. याच्यावर औषध असं नाही. तापाला सिरप द्या, वजनाप्रमाणे लिहून देतो, त्याहून जास्त नको. तोंड आलंय, गिळताना दुखेल, तेव्हा गार आणि मऊ काहीतरी द्या. जेवली नाही तरी चालेल, पाणी मात्र पोटात जायला हवं. लघवी कमी झाली, मूल मलूल पडलं, तर लगेच आणा. नाहीतर आठवड्याभरात जाईल आपलं आपण.' मी विचारलं, 'आणि बाळ?' 'शक्य तेवढं लांब ठेवा. हात धूत राहा, टॉवेल-पेले वेगळे. आणि इतक्या लहान बाळाला ताप आला तर मात्र घरी थांबायचं नाही.' मग चष्मा पुसत म्हणाले, 'तसं, लागायचं असेल तर एव्हाना लागलंही असेल.' हे शेवटचं वाक्य मी कानांनी ऐकलं आणि तिथंच सोडून आले. आधीच मिसळलेलं दूध मागाहून वेगळं काढता येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण प्रयोगशाळेत ते मान्य करायला काही लागत नाही, अख्खा हौद ओतून द्यायचा आणि हात धुवायचे. घरात तसं करता येत नाही. घरात काहीतरी करत राहावं लागतं, म्हणजे आपण काहीतरी केलं असं वाटतं. 'शक्य तेवढं लांब' यातलं 'शक्य तेवढं' मी गाळलं आणि 'लांब' तेवढं घेऊन घरी आले.

मग मी घराची प्रयोगशाळा केली. बाळ अंगावर पिणारं, तेव्हा मी आणि बाळ आतल्या खोलीत, तिथं बाथरूमही लागूनच आहे. मोठी आणि तिचा बाबा बाहेर. डेअरीत तपासायचे आणि तपासलेले नमुने एका टेबलावर येऊ नयेत म्हणून रंगीत पट्ट्या लावतात, तशी मी लाल पट्टी काढली आणि मोठीच्या पेल्याला, चमच्याला, टॉवेलला, खुर्चीला, उशीला लावली. नवरा रजा टाकून घरी बसला होता. तो म्हणाला, 'अगं, पोरगी आहे ती, काय बॉम्ब आहे का?' मी म्हटलं, 'तुला कळत नाही त्यात बोलू नकोस.' तो गणित शिकवतो, पण मी जंतू म्हटलं की हात टेकतो. मोठीला पट्ट्या फार आवडल्या. तिला वाटलं बक्षीस आहे. स्वतःच्या कपाळावर एक चिकटवून घेतली आणि मला दाखवायला धावत आली, तर मी दाराच्या आत सरकले आणि हात पुढे केला, रस्त्यावर गाडी थांबवतात तसा. 'तिथंच थांब,' मी म्हटलं. ती थांबली. तिला आधी हा खेळच वाटला. मग मी खाली बसले, आमच्यात जरा अंतर ठेवून, आणि तिला नीट समजावून सांगितलं, कारण मुलांना समजावून सांगावं या मताची मी आहे. 'हे बघ, तुझ्यावर कुणी रागावलेलं नाही. जो आजारी, तो वेगळा. हा नियम आहे. मोठ्यांनासुद्धा आहे. बरी झालीस की आई तुझी.' तिनं विचारलं, 'सगळी?' मी म्हटलं, 'सगळी.' मग मी दार लावून घेतलं. एकाच गोष्टीवर माझी सगळी भिस्त होती. हे दार दुखण्यासाठी आहे, तिच्यासाठी नाही, एवढं तिला पटलं की झालं. ताप काय, येतो आणि जातो.

बंद दाराच्या आत दिवस कसा जातो ते बाहेरच्याला कळायचं नाही. बाळ पितं, झोपतं, उठतं, मी त्याच्या तळव्यांकडे बघते, तोंडात बघते, काखेत ताप मोजते, पुन्हा तळवे. बाहेरून आवाज येतात आणि आवाजांवरून मी घर बघते. फ्रिज उघडला, म्हणजे बर्फ. मोठी कण्हली, म्हणजे दही झोंबलं. 'थोडंसं, फक्त एक चमचा, बाबासाठी,' नवरा गयावया करतोय. 'आई देईल,' ती म्हणते. 'आईला बाळ आहे.' 'मग आई चमचा नुसता धरेल.' माझा पान्हा तिच्या आवाजानंही फुटत होता, बाळ शांत झोपलेलं असताना, ब्लाऊज ओला व्हायचा. शरीराला काही नियम-बियम कळत नाहीत. ती दाराशी येऊन बसायची. दाराखालच्या फटीतून तिची सावली दिसायची आणि तिथूनच बोलायची, अगदी जमिनीला तोंड लावून. 'आई, मी आता आजारी नाहीये.' 'फोड गेले का?' 'थोडेसे गेले.' 'सगळे जाऊ देत.' मग जरा वेळानं, 'आई, तू खोटी खोटी आजारी हो ना. मग बाबा तुला वेगळं काढेल, तू इकडे ये.' मी हसले. इतकी हुशार पोरगी माझी, असं मनात आलं, आणि मी तिला उत्तर दिलं नाही, कारण तेवढ्यात बाळ शिंकलं होतं.

मला कांजिण्या झाल्या तेव्हा मी तिच्याहून थोडी मोठी असेन. ते दिवस माझ्या डोक्यात अजून उन्हाचे आहेत. एकच खोली, जमिनीवर गादी, गादीवर मी, माझा भाऊ आणि आमची आई, तिघांच्याही अंगावर फोड. आई सारखी म्हणायची, खाजवू नका, आणि स्वतःच पाठ भिंतीला घासायची. वडील उंबऱ्याशी उभे राहून विचारायचे, 'काही आणू का?' आम्ही तिघं एकदम म्हणायचो, 'नको.' तसलं राज्य मी पुन्हा कधी भोगलं नाही. आईच्या नाकाच्या शेंड्यावर त्यातला एक खड्डा राहिला तो राहिलाच. पुढं शिकले, नोकरीला लागले आणि त्या खड्ड्याकडे बघून मला तिचा अडाणीपणा दिसायला लागला. एकाला झालं तर दुसऱ्याला लांब ठेवावं एवढं कळू नये बाईला? पण आता या खोलीत बसून मला तीच गादी आठवत होती, आणि आईचं तापलेलं अंग, ज्याला मी दोन्ही बाजूंनी चिकटायचे, आधी पुढून मग मागून. मी तिला फोन लावला. म्हटलं, तू कशी गं आम्हाला असं कुशीत घेऊन पडलीस, तुला भीती नाही वाटली? मला काहीतरी ऐकायचं होतं, काय ते मलाच माहीत नव्हतं. ती म्हणाली, 'जागा कुठे होती गं? एक खोली. दोन असत्या तर मीही दार लावलं असतं. मला काय हौस होती का अंगभर फोड आणून घ्यायची? नाक गेलं माझं त्यात.' आणि मग, 'बाळाला जप हो.' मोठीबद्दल तिनं काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर मला हसू यायला लागलं आणि ते काही चांगलं हसू नव्हतं. म्हणजे माझ्या बालपणातलं सगळ्यात मोठं सुख एका खोलीच्या भाड्यात मिळालं होतं, आणि मी चांगली नोकरी धरून, कर्ज काढून, दार असलेलं घर घेतलं होतं.

नवरा जेवणाचं ताट दाराशी ठेवून दोन पावलं मागं सरायचा आणि मला बातम्या द्यायचा. ताप उतरला. केळं खाल्लं. पाणी भरपूर प्यायली. एकदा तो हसत हसत सांगायला लागला की मोठीनं बाहुलीला बादलीखाली घातलंय आणि स्वतः बादलीवर बसलीय. 'काय गं हे, म्हटलं, तर म्हणे ही आजारी आहे, हिला आई मिळणार नाही.' आम्ही दोघंही हसलो. मग तो एकदम म्हणाला, 'तू पाच मिनिटं बाहेर ये. हात धुऊन ये, कपडे बदल, काय वाटेल ते कर, पण ये. ताप गेलाय तिचा.' 'फोड आहेत ना अजून?' 'आहेत.' 'मग?' 'मग काही नाही,' तो म्हणाला. 'आमटीत मीठ जास्त झालंय.' आणि गेला. त्याच दिवशी, ऊन उतरायला लागलं होतं, मी बाळाला पाजत होते, आणि स्वयंपाकघरातून नवऱ्याचा असा आवाज आला की बाळानं दूध सोडलं. 'अगं काय करतेस! सोड! सोड ती!' मग नळ. मग मोठीचं रडणं, पण रडणंही कसं, दाबून धरलेलं, चोरी पकडल्यासारखं. तो दारावर थापा मारायला लागला. 'बाहेर ये. हिनं घासणीनं हात घासलेत. रक्त आलंय. फोड काढत होती.' ती मागून ओरडत होती, 'गेले आई! बघ, गेले!' मी उठले. बाळाला तसंच धरून दारापर्यंत गेले, कडीला हात लावला. फोड फुटले की आतल्या पाण्यातूनच हे पसरतं, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात होतं. आईच्या डोक्यात काय असतं मला माहीत नाही, माझ्या डोक्यात हे होतं. 'गार पाण्याखाली धर,' मी दाराच्या आतून म्हटलं. 'मग मऊ कापडानं टीप, चोळू नकोस. घासणी फेकून दे. ओटा पुसून घे.' पलीकडे पुन्हा नळ सुरू झाला. मग नवरा म्हणाला, 'ओटा पुसतो,' आणि तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.

त्यानंतर दाराखाली सावली आली नाही. मी बोलावलं तर बाहेरून 'काय?' एवढंच यायचं, कार्टून बघता बघता दिलेलं. मला वाटलं, बरं झालं, रुळली. खपल्या धरल्या, खपल्या पडल्या, आणि एका सकाळी डॉक्टर म्हणाले तसं खरंच सगळं आपलं आपण गेलं. मी अंघोळ केली, धुतलेला ड्रेस घातला आणि दार उघडलं, एखाद्या परीक्षेला निघाल्यासारखं. ती बाबाच्या मांडीला टेकून दूध पीत होती. मला बघून उठली, पेला खाली ठेवला, आणि माझ्यापासून जरा लांब थांबून दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. तिला कुणी असं शिकवलं नव्हतं. मी तळवे बघितले. नवी, गुलाबी, पातळ कातडी. 'छान,' मी म्हटलं, 'एकदम छान,' आणि तिला ओढून जवळ घेतलं. अंग आखडलेलं होतं, मग हळूहळू सैल झालं. गळ्यात तोंड खुपसून ती माझा वास घेत राहिली. 'आता सगळी माझी?' 'सगळी तुझी.' जीव भांड्यात पडला. मनात म्हटलं, बघ, उगाच घाबरत होतीस, मुलं विसरतात. दुपारी आम्ही दोघींनी मिळून सगळ्या लाल पट्ट्या खरवडून काढल्या. खुर्चीचा रंगही थोडा निघाला.

संध्याकाळी बाळाच्या कपाळाला ओठ लावले आणि ओठ भाजले. पायाच्या तळव्यावर एक ठिपका, मग दुसरा. मोठीला शेजारच्या आजींकडे सोडलं, कपडे बदलायलाही थांबलो नाही, टॅक्सी करून दवाखान्यात. डॉक्टरांनी बाळाला उलटंपालटं करून बघितलं, कानात, घशात, टाळू दाबून. काही तास ठेवून घेतलं आणि म्हणाले, 'सौम्य आहे. अंगावर पितंय ना, मग काळजी नको. पाजत राहा. जवळ घेऊन बसा, जितकं जवळ घ्याल तितकं शांत राहील.' मी म्हटलं, 'पण मी इतकं लांब ठेवलं होतं. दार बंद करून. मोठीला आत येऊच दिलं नाही.' त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. 'दार?' ते म्हणाले. 'दार कशाला? हात धुऊन तिलाही घ्यायचं होतं की.' त्यात टोमणा नव्हता. पुढच्या पेशंटचं नाव पुकारायची त्यांना घाई होती. नवरा भिंतीवरचा तक्ता वाचत होता, लसींचा, वरपासून खालपर्यंत.

घरी आलो. शेजारच्या आजींकडून मोठीला आणलं. मी आतल्या खोलीत पलंगावर बाळाला घेऊन बसले, ते किरकिरत होतं, मी त्याला उभं धरलं, आडवं धरलं, गाल गालाला लावला. मोठी दारात उभी राहिली. 'बाळ आजारी आहे?' 'हो राणी.' 'फोड आले?' 'हो.' तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी खोटं का सांगू? त्यात दुष्टावा नव्हता, हिशेब बरोबर आल्यावर तिच्या बाबाचा चेहरा होतो तसा झाला होता. ती आत धावली, बाळाची दुपटी गोळा केली, चोखणी घेतली, झबली घेतली, सगळं कवेत धरून दाराबाहेर नेऊन ठेवलं आणि परत आली. 'चल,' तिनं हात पुढे केले. 'मी बाळाला बाहेर देऊन येते. मग दार लाव.' मी म्हटलं, 'अगं, बाळ लहान आहे.' 'पण आजारी आहे ना?' 'आहे. पण त्याला आई लागते.' ती बघत राहिली. मी काहीतरी बोलत गेले, की बाळाला सांगून कळत नाही, तू कशी समजूतदार, तू कशी मोठी, आणि बोलता बोलता माझंच मला ऐकू येत होतं. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती बाहेर गेली आणि एकेक दुपटं परत आणून पलंगावर ठेवायला लागली. नवरा दाराशी होता. त्यानं खाली वाकून तिला मदत केली, माझ्याकडे न बघता.

बाळ बरं झालं. मुलं होतातच बरी. मी कामावर जायला लागले, घर पहिल्यासारखं झालं, म्हणजे बघणाऱ्याला तसं वाटेल. मोठी हसते, खेळते, शाळेतली गाणी म्हणते. हल्ली मी जवळ गेले की आधी हात मागे घेते, पण ते माझ्याच मनाचे खेळ असतील. परवा सुट्टी होती. मी बाळाला खांद्यावर घेऊन कपड्यांच्या घड्या घालत होते आणि कपाटामागून खोकल्याचा आवाज आला, उशीत तोंड दाबून खोकावं तसा. मी वाकून बघितलं. कपाट आणि भिंत यांच्या मधल्या जागेत ती अंग चोरून बसली होती, गाल लाल, नाक वाहतंय, आणि उशी तोंडाशी धरलेली. 'काय गं, खोकला झालाय?' तिनं मान हलवली. 'मी नाही खोकले,' ती म्हणाली. 'बाळ खोकलं.' बाळ माझ्या खांद्यावर गाढ झोपलेलं होतं. ते तिला दिसत होतं आणि मलाही. कपाळाला हात लावून बघावा म्हणून मी हात पुढे केला, तर ती भिंतीला आणखी चिकटली, डोळे माझ्या हातावर. मी हात मागे घेतला. 'हो,' मी म्हटलं, 'बाळच खोकलं.' तिनं जरा वेळ माझ्याकडे पारखून बघितलं. मग उशी टाकून बाहेर सरपटली, जमिनीवर माझ्या शेजारी येऊन बसली आणि कितीतरी दिवसांनी आपण होऊन मला टेकली. अंग नुसतं फणफणत होतं तिचं.